एकोणिसावा दिवस

३ मार्च

प्रिय ताई,

मी खुशाल. तूही खुशाल असशील असं धरून चालतो, कारण नसलीस तरी तू सांगणार नाहीस. तुझा फोन म्हणजे, "बरा आहेस ना? जेवलास ना? बरं, ठेवते." म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण मग ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत बसतं.

बातमी भाऊजींकडून कळली, रेल्वे स्टेशनात ड्यूटीवर असतानाच फोन केला त्यांनी. चौथा महिना लागला म्हणाले. इतके खुशीत होते की बोलताना मागून कोणीतरी "साहेब, सिग्नल!" म्हणून ओरडलं तरी यांचं चालूच. एखादी गाडी माझ्यामुळे थांबून राहिली असेल तर तिच्यातल्या लोकांची माफी. मी इकडे एवढ्या जोरात ओरडलो की हातातली धुतलेल्या चादरींची गाडी कलंडली आणि मावशींनी मला पुन्हा सगळ्या चादरी धुवायला लावल्या.

मावशी कोण ते राहिलं. तू समजत असशील मी अजून बोटींचा गंज खरवडतोय. ते केव्हाच सुटलं. मग सफरचंदं पेट्यांत भरली. मग एका माणसाबरोबर मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून या बागेतून त्या बागेत नेल्या. माश्या नेताना वाटेत थांबायचं नसतं, ट्रक थांबला की त्या चिडतात. म्हणजे काम अगदी माझ्यासाठीच बेतलेलं. पण तो माणूस गायचा, आणि एकच गाणं, आणि त्यातलीही एकच ओळ. माश्या परवडल्या. असो, नमनालाच घडाभर तेल झालं.

तर आता मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. तळघरात सहा मशीन, दोन वाफेच्या इस्त्र्या आणि त्या सगळ्यांवर मावशी. तेवीस वर्षं त्या इथे आहेत. चादर नुसती हातात धरून कुठल्या वॉर्डातली ते सांगतात. पहिल्याच दिवशी मी प्रसूती वॉर्डातल्या चादरी गरम पाण्यात टाकायला निघालो तर मनगट धरलं माझं. "रक्ताला आधी गार पाणी. गरम घातलंस की डाग बसला जन्माचा. घरी कोणी शिकवलं नाही वाटतं?" मी म्हटलं, घरी ताई धुवायची. त्या म्हणाल्या, "दिसतंच आहे."

आता कारण. तुझं बाळ येईल तेव्हा मला यायचंय. आठ-पंधरा दिवस नाही, चांगले दोन महिने. उगाच उंटावरून शेळ्या हाकत नाहीये, तयारी चालू केलीय. इथे शनिवारी सकाळी गरोदर बायकांचा आणि त्यांच्याबरोबर जे कोणी राहणार असेल त्यांचा वर्ग असतो. प्रसूती वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर घेतात. मी पहिल्या शनिवारी दाराशी घुटमळत होतो.

"वडील का?" त्यांनी विचारलं.

"मामा."

"बरं. आई कुठाय?"

"तिच्या घरी. इथून गाडीने पाच तास."

"म्हणजे तुम्ही दुरून गरोदर. या, बसा."

तेव्हापासून सगळा वर्ग मला मामा म्हणतो. एका बाईंनी तर स्वतःच्या नवऱ्याला सांगितलं, "बघ, मामा वहीत लिहून घेतायत, तू खिडकीबाहेर बघतोयस." तो बिचारा माझ्याकडे असा बघतो की जिन्यात एकटं भेटायची भीती वाटते. बाहुलीला लंगोट बांधायच्या परीक्षेत मी तिसरा आलो. पहिल्या खेपेला बाहुली उलटी धरली होती, तो भाग सोड.

तुला विचारायचंय ते विचारून घेतो. लोहाच्या गोळ्या घेतेस का? मळमळतं म्हणून मागच्या वेळी तू त्या कुंडीत पुरायचीस, मला माहीत आहे. रक्तदाब दर खेपेला बघतात ना? पायाला सूज, फार डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, अंगावरून जाणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. पाचव्या महिन्यापासून बाळाची हालचाल कळायला लागते, मग ती कमी वाटली तरीही सरळ हॉस्पिटल. आणि झोप. बाळ झाल्यावर आईला सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे, त्यासाठी घरातल्या माणसांनी पाळ्या लावायच्या. माझी पाळी पहाटेची. नाहीतरी मला पहाटे जाग येते, मधमाश्यांमुळे.

मागच्या वेळी मी लवकर निघून गेलो होतो. त्याचं काय झालं की

इस्त्री तापलीय, मावशी हाका मारतायत. ठमीला पापा, भाऊजींना नमस्कार. ये म्हण म्हणजे झालं.

तुझा धाकटा


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "ये. आठ दिवस पुरेत. ठमीचा पहिला दात पडला. जुनं काही काढू नकोस."

दात पडला हे वाचून मी मावशींना पण सांगितलं. त्या म्हणाल्या, सहाव्या वर्षी पडतोच, त्यात मामाचं काय कर्तृत्व. तरी मला बरं वाटलं. बोळकी ठमी कशी दिसते? "स" म्हणताना शिट्टी वाजते का? माझी वाजायची आणि मी मुद्दाम सगळी वाक्यं "स"ने चालू करायचो, आठवतंय? आई वैतागून

नाही. आज भलतीकडे जाणार नाही. तुझ्या कार्डावरची शेवटची ओळ मी मोडणार आहे. आधीच सांगितलं म्हणजे तुला बसून घेता येईल. बस.

मागच्या शनिवारी मोठ्या सिस्टर बाळंतपणानंतरच्या मनाबद्दल बोलल्या. म्हणाल्या, पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेक जणींना येतं आणि जातं. पण दोन आठवडे उलटले तरी जात नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नाही, मनात भलतंसलतं येतं, आपल्याच हातून बाळाला काही होईल अशी भीती वाटते, तर ते आजारपण. न्यूमोनिया होतो तसं. "असले विचार येऊन जी घाबरते ती आई वाईट नसते," म्हणाल्या, "पण तिने ते एकटीने पोटात ठेवायचं नाही. त्याच दिवशी आम्हाला सांगायचं. औषध आहे, उपाय आहे, बाई बरी होते."

मी हात वर केला. "आधीच्या बाळाच्या वेळी झालं असेल तर?"

"तर पुन्हा होण्याचा संभव जास्त. म्हणून गरोदरपणातच डॉक्टरांना सांगायचं. मग आम्ही आधीपासून तयारीत असतो."

"आणि सांगितलंच नाही तर?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "मामा, कोणाबद्दल विचारताय?"

मी म्हणालो, मशीन बंद करायचं राहिलं. आणि उठून पळालो. शनिवारी मशीन बंदच असतात, हे त्या वर्गातल्या बाहुलीलाही माहीत आहे.

ताई, ठमी एकोणीस दिवसांची होती. भाऊजी त्या सकाळी पुन्हा कामावर जायला लागले होते. आई नव्हती, म्हणून मी आलो होतो, वीस वर्षांचा, दोन सदरे घेऊन. दुपारी बाराच्या सुमाराला मी लंगोट आणायला निघालो तर तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालीस, "आज जाऊ नकोस. मला तिच्याबरोबर एकटीला ठेवू नकोस." मी म्हटलं, का? तू म्हणालीस, "मला भीती वाटते, मीच तिला काहीतरी करीन."

आणि मी हसलो. म्हणालो, "तू काय करणार? झुरळ मारायला मला हाक मारतेस." दहा मिनिटांत येतो म्हणालो आणि चपला घातल्या.

चौकात एक प्रचंड ट्रेलर अडकला होता. वर वीजकेंद्राचा अख्खा ट्रान्सफॉर्मर. मी चाकं मोजली, शहाण्णव. माणसं लांब काठ्यांनी वरच्या तारा उचलून धरत होती आणि तो इंच इंच सरकत होता. मी तुला पूर्वी सांगितलं की दुकान बंद होतं. दुकान उघडं होतं. मी तीन तास ती चाकं बघत होतो.

परत आलो तर तू अंगणात पायरीवर, उन्हात, अनवाणी. तुझ्या शेजारी बादली. बादलीत घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्री, विळी, दाढीची पाती, माझा टोकदार स्क्रूड्रायव्हरसुद्धा. घराला बाहेरून कडी. आत ठमी रडून रडून घोगरी झालेली. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आलास. आता तू आत जा." मी तिला उचललं. ती ओली होती, भुकेली होती, बाकी धडधाकट होती. मग तू दारात उभी राहून म्हणालीस, "कोणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "चुगली नाही."

आपलं ते जुनंच. आई आपल्याला वेगवेगळ्या खोलीत बोलवायची, आधी सांगेल त्याला माफी. तू नवाची, मी चाराचा. काच मी फोडली आणि मार तू खाल्लास, तेव्हा ठरलं की मान गेली तरी एकमेकांचं सांगायचं नाही. चांगला नियम होता. आईपासून वाचायला. आपण दोघं तो एवढा पाळत गेलो की डॉक्टरांसमोरही मूग गिळून बसलो.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी भाऊजींना सांगितलं, पोर दोन तास रडत होतं. ते तुझ्यावर भडकले. "आई आहेस का कोण आहेस?" हे शब्द मी ऐकले. मी भिंतीला टेकून उभा होतो. म्हणालो, ती अंघोळीला गेली होती, दहाच मिनिटं झाली असतील. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तिसऱ्या दिवशी मी बॅग उचलली. तेव्हापासून बोटी, सफरचंदं, माश्या. लोक म्हणतात याच्या पायाला भिंगरी आहे. मीही तेच सांगत फिरतो, सोपं पडतं.

सहा वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी तू तिला टाकून बाहेर बसलीस. आता कळतंय, तू मला दिलेलं काम मी सोडून गेलो आणि ते तू एकटीने केलंस. भीती वाटली तेव्हा तू तिच्यात आणि स्वतःत कडी घातलीस. त्याहून जास्त तुझ्या हातात काहीच नव्हतं. आणि नंतरचे सहा महिने तू कशी होतीस ते मला माहीतच नाही. मी विचारलं नाही.

एवढंच मागतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांग. बादलीसकट सांग. बाळ काढून घेतील वगैरे तुझ्या डोक्यात येईल. मोठ्या सिस्टरांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, कोणाचं नाव न घेता, आणि त्या म्हणाल्या, मदत मागणाऱ्या आईला आम्ही मदतच करतो, उगाच कशाला बाळ काढून घेऊ. आधी कळलं तर माणसं ठरवता येतात, झोपेच्या पाळ्या ठरवता येतात, औषध लागलं तर अंगावर पाजताना चालेल असं निवडता येतं.

रागाव. पण सांग.

तुझा धाकटा


२६ एप्रिल

प्रिय ताई,

माझं पत्र फाडून परत पाठवलंस, बरोबर चिठ्ठी, "वाचलं नाही. इथे येऊ नकोस." ताई, मी कागद न वाचता फाडणारी माणसं पाहिली आहेत. ती घडीसकट मधोमध फाडतात. तू पान पान सुटं करून फाडलंस, आणि बादलीचं पान फाडलंच नाहीस. ते मी तसंच जपून ठेवलंय.

मावशींनी तुकडे पाहिले आणि विचारलं, बाई कोण? मी म्हटलं, बहीण. "मग ठीक," म्हणाल्या, "परकी असती तर कचऱ्यात टाकलं असतं. पोस्टाचा खर्च केला म्हणजे भांडण चालू ठेवायचंय."

मी मोठ्या सिस्टरांकडे गेलो. या वेळी पळालो नाही, सगळं सांगितलं. तुझं गाव सांगितलं नाही, नावही नाही. विचारलं, मीच तिच्या डॉक्टरांना कळवू का? त्या बराच वेळ टाके कापायच्या कात्र्या मोजत होत्या. मग म्हणाल्या, "जिवाला धोका दिसला तर त्याच मिनिटाला कळवायचं, कोणाची परवानगी बघायची नाही. अजून वेळ आहे. तुमच्या वाटणीचं तुम्ही आधी सांगितलंत का कोणाला?"

नव्हतं सांगितलं. म्हणून मंगळवारी दुपारी भाऊजींना कामावर फोन केला.

हे वाचून तू पत्र परत फाडशील, पण आधी संपव. मी त्यांना फक्त माझं सांगितलं. म्हणालो, त्या दिवशी ताईने मला सांगितलं होतं की मला एकटीला ठेवू नकोस, मला भीती वाटते. मी हसलो आणि तीन तास चौकात ट्रेलर बघत बसलो. पोर रडलं ते माझ्यामुळे. अंघोळीचं मी खोटं बोललो. पुढचं तिचं आहे, तिला हवं तेव्हा ती सांगेल.

मागे गाडीचा आवाज येऊन गेला. मग भाऊजी म्हणाले, "म्हणजे मी तिला जे बोललो त्या संध्याकाळी..."

मी म्हटलं, ते मला बोलायला हवं होतं.

"सहा वर्षं," ते म्हणाले, "सुऱ्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते ती. भाजी चिरायची तर स्टुलावर चढते. मला वाटायचं, ठमीचा हात पोचू नये म्हणून. मी तिची चेष्टा करायचो." मग माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच ते रडले. त्यांना रडता येतं हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

त्यांनी तुला अजून काही विचारलं नसेल. मीच सांगितलं, विचारू नका, फक्त सुऱ्या खाली आणू नका आणि चेष्टा करू नका. पण त्यांनी तपासणीचा दिवस मला सांगितला. गुरुवार, सकाळी दहा.

आता माझं. तुझ्या गावातल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला काम मिळालंय. मावशींनी तिथल्या मुख्य बाईंना फोन केला. माझ्यासमोर केला, म्हणून शब्दशः ऐकवतो: "पोरगा भटका आहे, बडबड्या आहे, चादरींच्या घड्या वाकड्या घालतो. पण डागाला कधी गरम पाणी घातलं नाही, एकदा सांगितल्यावर. घे त्याला." सोमवारपासून रुजू व्हायचं. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर टायर दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेतलीय. एक खाट, एक खिडकी, खाली दिवसभर हवा भरण्याचा आवाज. मालक म्हणाला, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, बाळ चालायला लागेपर्यंत. तो घाबरला, तुम्हाला बाळ आहे का? मी म्हटलं, येणार आहे, बहिणीला. तो म्हणाला, अहो मग तिच्याकडे राहा ना. त्याला म्हटलं, तेच तिला समजवायचंय.

तू मला घरात घेऊ नकोस. बाळ आलं की मी रोज पहाटे येईन, दार उघडलंस तर बाळ घेईन आणि तू झोपशील. नाही उघडलंस तर दूध ठेवून कामावर जाईन आणि दुसऱ्या पहाटे परत येईन. शेजारच्या काकूंना सांगून ठेवणार आहे की मी चोर नाही.

आणि गुरुवारचं. तू आत जा, मी बाहेर बसतो. तुझ्या तोंडून निघालं तर उत्तम, अर्धं निघालं तरी चालेल, नुसतं "मागच्या वेळी मला भीती वाटायची" एवढंच म्हण, पुढचं डॉक्टर विचारतील. पण तू काहीच न बोलता बाहेर आलीस, तर मी तुझा हात धरून परत आत नेईन आणि तुझ्यासमोर सांगेन. तुझ्या मागून नाही, वेगळ्या खोलीत नाही. तुझ्यासमोर. मग तू मला चुगलखोर म्हण, मार, जन्मभर बोलू नकोस. तू अबोला धरायला शाबूत हवीस, मला एवढंच पुरे.

भीती मलाही वाटते. पोर हातातून निसटेल, रडताना मला काही सुचणार नाही, खिडकीबाहेर काही मोठं जाताना दिसलं तर माझे पाय आपोआप चालू पडतील. म्हणून भाऊजींना सांगून ठेवलंय की मी दहा मिनिटं दिसलो नाही तर फोन करा. तूही करत जा. लाज कसली.

डॉक्टरांच्या खोलीसमोर तीन बाक आहेत, भाऊजींनी सांगितलं. दाराच्या समोरच्या बाकावर बसतो. तो बाक हॉस्पिटलचा आहे, तिथे बसायला तुझी परवानगी लागत नाही.

गुरुवारी, साडेनऊपासून, तू बाहेर येईपर्यंत,

तुझा धाकटा